हापसाहेबाचा बिनसाखरेचा चहा

एकोणीसशे एक्याण्णव सालच्या श्रावणात सिद्धोधन गुरुजींना विलायतेहून एक पत्र आलं होतं, आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ‘राहिलं’ हा शब्द गुरुजींचा. चौतीस वर्षं उलटली तरी ते मनातल्या मनात उत्तर ‘राहिलं’ असंच म्हणत. ‘दिलं नाही’ असं कधी म्हणत नसत. राहिलेलं काम उद्या करता येतं.

पत्र त्यांनी जाड इंग्रजी-मराठी शब्दकोशात ठेवलं होतं, उत्तर लिहिताना शब्द शोधायला सोपं जावं म्हणून. पण पुढे असं व्हायला लागलं की कुठलाही शब्द पाहायला कोश उघडावा तर शब्दाच्या आधी पत्रच हाती यायचं. मग त्यांनी कोश उघडणंच सोडलं. त्यामुळे गुरुजींचं इंग्रजी एक्याण्णव साली होतं तेवढंच राहिलं, आणि एवढ्याशा इंग्रजीत साहेबाला पत्र कसं लिहायचं, ही अडचणही जागच्या जागी राहिली.

पाकिटावर पत्ता होता, ‘शाळामास्तर, मोहटाकळी, परभणीजवळ, हैदराबाद संस्थान’. संस्थान जाऊन तेव्हाच त्रेचाळीस वर्षं झाली होती. तरी पोस्टानं ते पाकीट शोधत शोधत मोहटाकळीच्या जिल्हा परिषद शाळेत आणून दिलं. मुख्याध्यापकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि सिद्धोधन गुरुजींना म्हणाले, “वाव्हळे, हे तुमच्या खात्यातलं.” इंग्रजी पुस्तकं वाचणारा माणूस त्या भागात एकच होता. तो पुस्तकं वाचतो, ह्यापलीकडे त्याच्याविषयी कुणाला फारसं काही ठाऊक नव्हतं, कारण तो बोलतच नसे.

पत्र लेस्ली हॉब्स नावाच्या सत्तर वर्षांच्या माणसाचं होतं. चव्वेचाळीस साली, महायुद्धात, तो मोहटाकळीच्या विमानपट्टीवर कॉर्पोरल हुद्द्यावर होता. “सबंध महायुद्धात मला एकच शत्रू समोरासमोर भेटला, तोही तुमच्या गावात,” असं त्यानं लिहिलं होतं. “तो काळा होता, त्याला दोन शिंगं होती, आणि तो जिंकला. मी संध्याकाळच्या वेळी मोटारसायकल पट्टीवर उगाच भरधाव पळवत होतो, कारण तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दिवा लावला नव्हता. चूक माझी. गुरं हाकलायला आमच्याकडे सटवाजी नावाचा तरुण होता. मला लॉरीत घातलं तेव्हा तो रडत होता, एवढं आठवतं. तो असेल तर त्याला सांगा की मी वाचलो, जरा लंगडतो, मला तीन मुली आहेत, आणि दोष त्याचा नव्हता. आणि कृपा करून एवढं कळवा, की म्हशीचं काय झालं?”

पाठीमागे आणखी चार ओळी होत्या, त्या पुढे येतील. एकूण पत्र असं की चौथीतल्या पोरानंही उत्तर द्यावं. सटवाजी तेव्हा हयात होता. शाळेपासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

अडचण वेगळीच होती. मोहटाकळीत हॉब्ससाहेब मरून सत्तेचाळीस वर्षं झाली होती. माळावर त्यांची समाधी होती. आणि त्यांच्या वीरमरणाचं सविस्तर वर्णन करणारं पुस्तक सिद्धोधन गुरुजींनी स्वतःच दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं.

जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि त्यांची धास्ती कुठल्या कुठे परभणीपर्यंत येऊन पोचली. अडल्यानडल्या विमानाला उतरायला जागा हवी म्हणून निजाम सरकारनं मोहटाकळीचा माळ इंग्रजांच्या हवाली केला. खडी फोडायला आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं धरून आणली. त्यात गुरुजींचे वडील होते, सोळा वर्षांचे. त्यांनी आठ महिने खडी फोडली. “युद्ध कसं होतं, आबा?” असं सिद्धोधननं लहानपणी विचारलं, तेव्हा ते हाताचे तळवे दाखवून म्हणाले होते, “असं होतं.”

त्या पट्टीवर युद्ध संपेपर्यंत तीन विमानं उतरली. एकाचं तेल संपलं होतं, एक वाट चुकलं होतं, आणि तिसऱ्याच्या वैमानिकाचं पोट बिघडलं होतं. तो ज्वारीच्या रानात जाऊन आला आणि हात हलवून उडून गेला. हॉब्ससाहेब, दोन शिपाई आणि एक बिनतारी यंत्रवाला मिळून ह्या तळाचं रक्षण करत. जपान्यांपेक्षा त्यांना गुरांचा त्रास जास्त होता. पट्टीच्या कडेला पाणी मारत, त्यामुळे गवत तिथलंच हिरवं राही. सटवाजीची नोकरी गुरं हाकलायची, आणि तिथलं सगळ्यांत चांगलं गवत कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अपघात झाला त्या बुधवारी त्यानं स्वतःच्याच घरची म्हैस पट्टीकडेला सोडली होती.

साहेबाला उचलून वाऱ्याच्या झोळीच्या खांबापाशी टेकवलं. वारा कुठला आहे हे वैमानिकाला कळावं म्हणून उंच खांबावर कापडी झोळी बांधत, तो हा खांब. साहेबाचं डोकं फुटलं होतं, मांडी मोडली होती. लॉरी सिकंदराबादच्या दिशेनं गेली, आणि साहेबाची खबर पुन्हा आली नाही. महिन्याभरानं दुसरा साहेब आला. आपल्या म्हशीनं माणूस मारला, असं सटवाजीनं धरून घेतलं. युद्ध संपल्यावर खांब कापून नेला. खाली सिमेंटचा गुडघाभर ठोकळा उरला. सटवाजी दर बुधवारी संध्याकाळी त्या ठोकळ्यावर एक कप चहा ठेवू लागला. बिनसाखरेचा, कारण साहेब बिनसाखरेचा प्यायचा.

वर्षं गेली तशी ठोकळ्याची समाधी झाली. हॉब्सचा हाप झाला. लोक बिस्किटं ठेवू लागले, कुणी सिगारेट पेटवून ठेवू लागलं. साहेब गाडीवाला होता एवढं लोकांच्या कानावर होतं. त्यामुळे गावात नवी मोटारसायकल आली की पहिला हार हापसाहेबाला घालायचा आणि पट्टीवर एक चक्कर मारायची, अशी रीतच पडली. मोटारसायकल सुखरूप चालावी म्हणून ह्यापेक्षा चुकीचा देव शोधून सापडला नसता.

सिद्धोधन गुरुजी धर्मांतरानंतरच्या वर्षी जन्मलेले, दगडाला हात जोडणारे नव्हेत. त्यांना इतिहासाचा नाद. बत्तीसाव्या वर्षी त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून विमानपट्टीची हकिगत चाळीस पानांत लिहिली. त्या वेळचे सरपंच भगवानराव ती छापून द्यायला तयार झाले, पण वाचून त्यांचा चेहरा पडला.

“गुरुजी, एवढा मोठा विमानतळ, अन् लढाई न्हाई?”

“झालीच नव्हती, भगवानराव.”

“झाली न्हाई ते कबूल. पण लोक काय म्हनतील? अर्धं पान टाका. साहेब मेलाय ना? मग कशानं तरी मेलाच असंल की.”

गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. त्यांनी अर्धं पान टाकलं: एक जपानी विमान घिरट्या घालतं, हॉब्ससाहेब एकटे बंदूक घेऊन उभे राहतात, वगैरे. मनाची टोचणी नको म्हणून शेवटी ‘असे वृद्ध सांगतात’ हे तीन शब्द घातले. छापखान्यात पान लांबलं म्हणून खिळे जुळवणाऱ्यानं नेमके तेच तीन शब्द काढले.

आणि दोन वर्षांनी साहेबाचं पत्र आलं.

गुरुजींनी उत्तराचे सतरा मसुदे केले. सगळे पहिल्या ओळीवर अडले. ‘आपण हयात आहात हे वाचून आनंद झाला’, असं ज्याला आपण दोन वर्षांपूर्वी छापून मारलं त्याला कुठल्या तोंडानं लिहायचं? सटवाजीला सांगावं तर तो गावाला सांगणार, गाव भगवानरावांना विचारणार, भगवानराव गुरुजींकडे बघणार. ते बघणं गुरुजींना डोळ्यांसमोर दिसे. दरम्यान इंग्रजी सुधारावं, मग लिहावं, असं त्यांनी ठरवलं. बारा वर्षांनी सटवाजी वारला. गुरुजी मयतीला गेले आणि सगळ्यांत मागे उभे राहिले.

तर आता ह्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. निवृत्त होऊन गुरुजींना दहा वर्षं झालेली. एका गुरुवारी सकाळी भगवानरावांचे चिरंजीव आबासाहेब, आताचे सरपंच, दारात उभे राहिले. काखेत जाडजूड बांधीव ग्रंथ.

“गुरुजी, खुशखबर हाय. आपल्या तळावर शौर्यस्मारक मंजूर व्हायलंय. तो जुना दगड काढायचा अन् तिथं साहेबाचा पुतळा. हातात बंदूक, वर विमान. फकस्त एक सबूत मागायलेत, की इथं लढाई झाली होती.”

“आबासाहेब, ती लढाई म्हणजे…”

“सबूत हाय की!” आबासाहेबांनी ग्रंथ उघडला. “ह्ये बगा. एका प्राध्यापकाची पीएचडी हाय, मराठवाड्यातल्या युद्धावर. पान दोनशे चौदा. अख्खी लढाई दिलीय.”

गुरुजींनी पान दोनशे चौदा पाहिलं. वाक्यं ओळखीची होती. खाली तळटीप होती. तळटिपेत त्यांचंच नाव होतं.

“हे माझ्याच पुस्तकातलं आहे,” ते पुटपुटले.

“मग तर झालंच! तुमचं पुस्तक म्हन्तं लढाई झाली, पीएचडी म्हन्ती लढाई झाली. दोन-दोन गवाह. तुमी ह्या कागदावर दस्तखत करा, की पीएचडीत लिहिलंय ते खरं हाय.”

“दोन दिवस द्या,” गुरुजी म्हणाले. आयुष्यात त्यांनी सगळ्यात जास्त वेळा मागितलेली गोष्ट हीच होती.

आबासाहेब गेले आणि दुपारी राजेश्री आली. सटवाजीची नात, गुरुजींची विद्यार्थिनी. आई-वडील पुण्याकडे कंपनीत. गावात ती आणि तिची आजी धुरपताबाई दोघीच. राजेश्रीनं परिचारिकेचं शिक्षण पुरं केलं होतं, आणि गंगाखेडच्या दवाखान्यात तिला नेमणूक मिळाली होती. पुढच्या शुक्रवारी हजर व्हायचं होतं. पेढे द्यायला आली असेल असं गुरुजींना वाटलं. पण ती आली ती रडूनच.

“आजी जाऊ देईना, गुरुजी. म्हन्ती, आता माझ्यानं माळापतूर चालवत न्हाई. चहाचं तू बघ. येत्या बुधवारी दगडावर हात ठिवून शपथ घे, की दर बुधवारी येशील, मरेपतूर.”

“नोकरीचं काय?”

“न्हाई घेतली शपथ तर जाऊ नको म्हन्ती. अन्नपानी सोडीन म्हन्ती. मानसाचा जीव घेतलाय आपल्या घरानं, ते कुनीतरी फेडायचंच, असं चाललंय.” तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि एकदम चिडून म्हणाली, “दर बुधवारची सुट्टी कशी मागू? अर्जात काय लिवू? साहेबाला चहा द्यायचाय? तुमी सांगा, तुमाला अर्ज चांगले लिवता येतेत.”

“तू शपथ घेऊ नकोस.”

“मग आजीला काय सांगू?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. राजेश्रीला सवय होती; वर्गातही कठीण प्रश्न आला की गुरुजी असाच चष्मा पुसायचे. ती उठून गेली.

गुरुजींनी कपाटावरून कोश काढला. पत्र जागेवर होतं. ह्यात आहे तेवढं वाचून दाखवलं की पोरगी सुटते, हे सरळ होतं. आणि वाचून दाखवलं की ‘हे कधी आलं?’ असा प्रश्न येतो, हेही सरळ होतं.

शुक्रवारी ते धुरपताबाईंच्या घरी गेले, तब्येत विचारली आणि परत आले. रविवारी गेले, तब्येत विचारली. मंगळवारी गेले तेव्हा धुरपताबाईच म्हणाल्या, “गुरुजी, मी काय आजच मरायलेय का? दर दोन दिवसाला येऊन बघायलाव ते!” धुरपताबाई अठ्ठ्याऐंशीच्या, पाठीतून वाकलेल्या, जीभ मात्र सरळ होती. गुरुजी हसल्यासारखं करून परतले. पिशवीत कोश होता. तो उचलून उचलून त्यांचा खांदा दुखायला लागला होता.

मग बुधवार आला.

संध्याकाळचं ऊन माळावर तिरपं पडलेलं. ज्या पट्टीवर तीन विमानं उतरली तिच्यावर आता सोयाबीन वाळत घातलेलं होतं. पलीकडच्या टोकाला पोलीस भरतीची पोरं धापा टाकत पळत होती. गुरुजी पिशवी घेऊन आधीच येऊन थांबले होते. ऑटोतून धुरपताबाई उतरल्या, नातीच्या खांद्यावर हात ठेवून ठोकळ्यापाशी गेल्या आणि जमिनीवर बसल्या. राजेश्रीनं थर्मासमधून कपात चहा ओतला.

“ठिव,” धुरपताबाई म्हणाल्या. “अन् आता हात ठिव दगडावर. मी म्हन्ते तसं म्हन.”

राजेश्रीनं हात पुढे केला.

“थांबा!”

एवढ्या मोठ्यानं गुरुजी वर्गातही कधी बोलले नव्हते. पलीकडची दोन पोरं पळायची थांबली. गुरुजी स्वतःच दचकले. त्यांनी पिशवीतून कोश काढला, कोशातून पत्र काढलं, आणि उभ्याउभ्या एकेक ओळ मराठी करून वाचायला लागले. तिरपं ऊन डोळ्यांत येत होतं, म्हणून ओळ सापडत नव्हती. पण त्यांना ओळ शोधायची गरज नव्हती; पत्र पाठ होतं.

‘मी वाचलो’ आलं, ‘जरा लंगडतो’ आलं, ‘तीन मुली’ आल्या, ‘दोष त्याचा नव्हता’ आलं. धुरपताबाई ऐकत होत्या. राजेश्रीचा हात हवेतच राहिला होता.

“पाठीमागे आणखी आहे,” गुरुजी म्हणाले आणि पान उलटलं. “‘सटवाजी रोज मला चहा करून द्यायचा. पहिल्या दिवशी तो साखर घालायला विसरला. मी भिडेनं म्हणालो, छान आहे. त्यानंतर चौदा महिने त्यानं मला बिनसाखरेचाच दिला. मला गोड चहा आवडतो, हे सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.’”

ठोकळ्यावरच्या कपातून वाफ निघत होती.

“कवा आलं ह्ये पत्र?” धुरपताबाईंनी विचारलं.

“एक्याण्णव साली.”

“म्हंजे आमचे मालक होते तवा.”

“होते.”

“बारा वर्सं होते की हो त्याच्यापुढं.”

“होय.”

“अन् तुमी ह्ये पुस्तकात ठिवलं.”

“होय.”

धुरपताबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चौतीस वर्षं गुरुजी ज्या बघण्याला भीत होते ते हेच. फक्त ते भगवानरावांचं असेल असं त्यांना वाटलं होतं. भगवानरावांचं परवडलं असतं.

“लय शिकलात, गुरुजी,” त्या शेवटी म्हणाल्या. “मालक जाताना काय म्हन्ले ठाऊक हाय? म्हन्ले, वर गेल्यावर पैल्यांदा साहेबाची माफी मागतो. आता साहेबबी गेला असंल. भेटले असतील दोघं. साहेबानंच सांगितलं असंल समदं. तुमची वाट बघत कोन बसतंय?”

“आजी, साहेब इंग्रजी बोलणार, आजोबाला कसं कळंल?” राजेश्री म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

“खाली असताना कळत होतं, मग वर कळंना का?” धुरपताबाईंनी हात लांब करून ठोकळ्यावरचा कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आगं माय! ऐंशी वर्सं ह्ये पाजलं का आपुन त्या मानसाला?”

मग राजेश्री हसली. मोठ्यानं, थांबता न येण्याजोगं. गुरुजींना हसायचा अधिकार नाही असं वाटलं, म्हणून ते खाली बघत राहिले.

“तू जा गंगाखेडला,” धुरपताबाई नातीला म्हणाल्या. “शपथबिपथ काय न्हाई. जित्या मानसाची कसली फेड?” आणि गुरुजींकडे वळल्या. “तुमी बसा इथं. उत्तर लिवा. माझ्यासमूर.”

“आत्ता? माझं इंग्रजी…”

“चुका होतील, इतकंच का न्हाई? साहेबाला तरी मराठी कुठं धड येत होतं? त्यानं म्हशीचं इचारलंय. आदी म्हशीचं लिवा.”

“म्हशीचं काय झालं होतं, धुरपतामाय?” गुरुजींनी विचारलं. एवढा इतिहास लिहिला, पण हा प्रश्न त्यांनी कुणाला कधी विचारलाच नव्हता.

“काय व्हायचंय तिला? शिंग जरा हाललं. माझी सासू सांगायची, म्हैन्याभरानं वेली. पारडी झाली. तिचीच लेक, तिचीच नात… आता गोठ्यात हाय ना काळी, ती तिच्याच वानाची. ह्या चहात दूध कुनाचं हाय मग?”

गुरुजींनी कपाकडे पाहिलं. ऐंशी वर्षं हापसाहेबाला दर बुधवारी, त्याला न आवडणारा चहा, त्याला पाडणाऱ्या म्हशीच्या घराण्याच्या दुधात करून दिला जात होता. हे आपल्या पुस्तकात हवं होतं, असं त्यांना वाटलं. लढाई कुणीही रचू शकतं, हे कुणालाच रचता आलं नसतं.

गुरुवारी ते आबासाहेबांकडे गेले आणि दस्तखत करणार नाही म्हणाले. मग सगळं सांगितलं. आबासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे साहेब मेलाच न्हाई?”

“तेव्हा नाही. सत्तराव्या वर्षी पत्र लिहिलंय.”

“आता किती झाला असता?”

“एकशे चार.”

“म्हंजे आता तर मेलाच असंल ना?”

“असेल, पण…”

“मग अडचन काय हाय, गुरुजी? स्मारक आत्ताचं हाय, साहेब आत्ता मेलेला हाय. तारीख तेवढी बदलू.”

“आबासाहेब, लढाई झाली नाही. त्यांना म्हशीनं पाडलं.”

आबासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. “ह्ये मात्र कुटं बोलू नका. म्हशीला निधी मिळत न्हाई.”

“मी पुस्तक चुकीचं होतं असं लिहून देतो.”

“द्या की. पुतळ्याखाली चिटकवू, मागच्या बाजूला. पण तुमच्या म्हनन्यानं आता काय होतंय? त्याच्यावर पीएचडी झालीय. अन् तुमी काय पीएचडी न्हाईत.” मग थोडं थांबून, बापाच्याच सुरात, “वाईट वाटून घेऊ नका. चहा घ्या. साखर चालती ना?”

“दोन चमचे,” गुरुजी म्हणाले. तसे ते अर्धाच घेत.

शुक्रवारी सकाळी राजेश्री गंगाखेडला निघाली. गुरुजी तिच्याबरोबर एसटीत बसले. गावात पोस्टाची पेटी होती. पण तिचं दार गंजून अडकलं होतं, आणि असल्या बाबतीत आता कसलीच सबब शिल्लक ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत त्यांनी पत्र तीनदा काढून वाचलं. दीड पान होतं. अठरावा मसुदा. सुरुवातच म्हशीपासून केल्यामुळे पहिली ओळ कुठे अडली नव्हती. म्हैस सुखरूप होती. तिचा वंश गावात आहे. सटवाजी दोन हजार तीन साली वारला. तुमचं पत्र वेळेवर पोचलं होतं, पण माझ्या हातून त्याला ते सांगितलं गेलं नाही. हा दोष माझा आहे, त्याचा नाही. आणि ह्यापुढे चहा गोड असेल. शेवटचं वाक्य धुरपताबाईंनी घालायला लावलं होतं. बुधवारचं त्यांनी बंद केलं नव्हतं. “आता शपथ न्हाई, पन सवय हाय,” असं त्या म्हणाल्या होत्या. शेजारणीला त्यांनी साखरेचा डबा दाखवून ठेवला होता.

एका ठिकाणी गुरुजींना एका क्रियापदाची शंका होती. त्यांनी मांडीवरचा कोश उघडायला घेतला, मग तसाच मिटला.

“मी मोबाईलवर बघू का?” राजेश्रीनं विचारलं.

“नको. चुकलं असेल तर चुकू दे.”

गंगाखेडच्या स्टँडवर ती उतरली, पाया पडायला वाकली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे पाय मागे घेतले. ती दवाखान्याकडे गेली आणि ते पोस्टाकडे.

खिडकीत चष्मा लावलेली तरुण बाई होती. तिनं पाकीट वजनाला ठेवलं आणि पत्ता वाचला: लेस्ली हॉब्स, किंवा त्यांच्या तीन मुलींपैकी कुणीही. तिनं मान वर केली.

“बाबा, ही माणसं ह्या पत्त्यावर असतील ना?”

“ठाऊक नाही.”

“पत्ता कधीचा आहे?”

“एक्याण्णवचा.”

तिनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग पाकीट उलटून पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. मागे दोन माणसं रांगेत उभी होती, त्यातला एक खाकरला.

“साधं टाकू का स्पीड पोस्टानं? स्पीड पोस्ट लवकर पोचतं. तातडीचं आहे का?”

गुरुजींनी विचार केला. मागचा माणूस पुन्हा खाकरला, तरी त्यांनी पुरता विचार केला.

“होय,” ते म्हणाले. “फार तातडीचं आहे.”

बाईनं पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या टोपलीत टाकलं.